अमरावती व अकोला जिल्ह्यांतील प्राचीन स्मारके आणि स्थळदर्शन

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील प्राचीन स्मारके म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या वऱ्हाड विभागातील या दोन जिल्ह्यांत असलेली लेणी, मंदिरे, किल्ले, छत्र्या, नगरतट आणि उत्खनित वसाहतींची स्थळे होत. इजिप्तमधील गिझा किंवा कर्नाटकातील हंपी येथे अवशेष एकाच परिसरात एकवटलेले आहेत. वऱ्हाडातील अवशेष मात्र सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेपासून पूर्णा नदीच्या काळ्या मातीच्या सपाट प्रदेशापर्यंत विखुरलेले आहेत. त्यामुळे त्यांचे दर्शन बहुधा एकेका दिवसाच्या स्वतंत्र मार्गांनी घेतले जाते. शालेय शैक्षणिक सहली, इतिहासाचे विद्यार्थी, गिर्यारोहक आणि हौशी अभ्यासक हे या स्थळांचे प्रमुख अभ्यागत आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वऱ्हाड हा प्राचीन विदर्भाचा पश्चिम भाग होय. सातवाहनांनंतर येथे वाकाटकांची सत्ता होती. इ.स. सातव्या शतकात राष्ट्रकूटांची एक शाखा अचलपूर येथून राज्य करीत असल्याचे नन्नराजाच्या ताम्रपटांवरून समजते. पुढे कल्याणीचे चालुक्य व देवगिरीचे यादव यांच्या काळात या भागात काळ्या पाषाणातील मंदिरे उभी राहिली.

चौदाव्या शतकात वऱ्हाड बहमनी राज्याचा एक प्रांत झाला. त्या राज्याचे विघटन होत असताना प्रांताधिकारी फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने इ.स. १४९० च्या सुमारास स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही तिची राजधानी होती आणि गाविलगड व नरनाळा हे तिचे दोन मुख्य आधार होते. इ.स. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही जिंकून घेतली. इ.स. १५९६ मध्ये चांदबिबीने केलेल्या तहान्वये वऱ्हाड मोगलांकडे गेले. अठराव्या शतकात निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल या प्रदेशावर होता. इ.स. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. इ.स. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा वेगळा झाला.

प्राचीन वसाहती, लेणी व ताम्रपट

कौंडिण्यपूर

तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर हे परंपरेने विदर्भाची प्राचीन राजधानी व रुक्मिणीचे माहेर मानले जाते. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथे उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्खननामुळे महापाषाणीय काळ, सातवाहन काळ आणि त्यानंतरच्या वसाहतींचे थर उघडकीस आले. गाव प्राचीन आहे हे त्यामुळे सिद्ध झाले. रुक्मिणीहरणाची कथा हा मात्र श्रद्धेचा व साहित्यपरंपरेचा भाग असून उत्खननातील पुराव्याशी तिची गल्लत करणे योग्य नाही. येथील विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातून आषाढी वारीसाठी पंढरपूरला पालखी जाते.

चम्मक व रिद्धपूर येथील ताम्रपट

अचलपूरजवळील चम्मक या गावी १८६८ मध्ये वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. भोजकट प्रदेशातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. हे दान बिनशर्त नव्हते. दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये व इतर गावांना उपद्रव देऊ नये, तोवरच ते टिकेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पाचव्या शतकातील राजसत्ता व दानग्राही यांच्या संबंधांवर प्रकाश टाकणारा हा महत्त्वाचा लेख आहे. ताम्रपटातील चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक आणि भोजकट म्हणजे अमरावतीजवळील भातकुली, असे अभ्यासक मानतात.

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीचा ताम्रपट मिळाला. प्रभावतीगुप्ता ही गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या असून पतीच्या मृत्यूनंतर तिने अल्पवयीन पुत्रांच्या वतीने राज्यकारभार पाहिला होता. वाकाटकांच्या या व इतर लेखांचे प्रमाणभूत संपादन वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले.

रिद्धपूरला मराठी भाषेच्या इतिहासातही विशेष स्थान आहे. महानुभाव पंथातील श्रीगोविंदप्रभू यांचे येथे वास्तव्य होते. म्हाइंभट यांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेला लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक असून त्याची रचना रिद्धपूर येथे झाली. याच कारणाने राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी या गावाची निवड केली.

पातूर व सालबर्डी येथील लेणी

अकोल्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर पातूर हे गाव आहे. तेथील टेकडीत खोदलेली लेणी वाकाटक काळातील मानली जातात. अजिंठ्याप्रमाणे येथे चित्रे नाहीत व शिल्पांकनही अत्यल्प आहे. जाड चौकोनी स्तंभ व साधे कक्ष हे त्यांचे वैशिष्ट्य होय. मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील सालबर्डी येथेही लेणी असून तेथील शिवस्थानी महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

सातपुड्यातील शैलचित्रे

अमरावती जिल्ह्याच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्याच्या धारूळ परिसरात जानेवारी २००७ मध्ये चित्रित शैलाश्रयांचा मोठा समूह प्रकाशात आला. हा शोध शासकीय मोहिमेतून लागलेला नसून अमरावती परिसरातील निसर्गप्रेमींच्या भटकंतीतून लागला, हे उल्लेखनीय आहे. जवळच्या अंबादेवी गुंफेवरून हा समूह ओळखला जातो. प्राणी, पक्षी व मानवाकृती यांची रंगविलेली आणि कोरलेली चित्रे येथे आढळतात.

मध्ययुगीन मंदिरे

बार्शीटाकळी

अकोल्याच्या आग्नेयेस सुमारे २० किलोमीटरवर बार्शीटाकळी येथे काळ्या पाषाणातील देवीचे मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतींवर मूर्तिकाम असून मंडपाचे स्तंभ कोरीव आहेत. येथील शिलालेखात शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ हे वर्ष येते.

हे वर्ष एका प्रचलित समजुतीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. चुन्याचा वापर न करता घडीव दगड एकमेकांत बसवून बांधलेल्या मंदिरांना महाराष्ट्रात सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळात होऊन गेला. बार्शीटाकळीचा लेख त्याच्या कारकिर्दीपूर्वी सुमारे ८० वर्षांचा आहे. ‘हेमाडपंती’ हा शब्द बांधणीच्या पद्धतीचा वाचक आहे. त्यावरून मंदिराचा कर्ता किंवा काळ ठरविता येत नाही.

लासूर

दर्यापूर तालुक्यातील लासूर येथील आनंदेश्वर मंदिर हे यादवकालीन शिवमंदिर होय. सभामंडपाच्या मध्यभागी वर्तुळाकार स्तंभरचना असून तिच्यावरील भाग आकाशाकडे मोकळा आहे. सपाट शेतशिवारात उंच जोत्यावर उभे असलेले हे मंदिर दुरूनही दिसते.

किल्ले व इस्लामी काळातील वास्तू

गाविलगड

चिखलदऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर असलेला गाविलगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. गवळी लोकांच्या प्राचीन गढीवरून त्यास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते बहमनी सुलतान अहमदशहा वली याने इ.स. १४२५ मध्ये हा किल्ला बांधला. फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८८ मध्ये त्याची दुरुस्ती केली. निजामशाहीच्या काळातील किल्लेदार बहरामखान याच्या नावाचा बुरूज आजही ओळखता येतो.

किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर दोन मस्तकांचा पक्षी, म्हणजे गंडभेरुंड, हत्ती व सिंह यांची शिल्पे आहेत. फतहुल्ला हा मूळचा विजयनगर राज्यातील ब्राह्मणाचा मुलगा असून युद्धात पकडला जाऊन बहमनी चाकरीत वाढला, असे फिरिश्ता सांगतो. गंडभेरुंड हे दक्षिणेत विजयनगरशी निगडित चिन्ह असल्याने अनेक अभ्यासक या शिल्पांचा संबंध त्याच्या मूळ प्रदेशाशी जोडतात.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात या किल्ल्याला निर्णायक महत्त्व आले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावच्या लढाईत भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाल्यावर आर्थर वेलस्ली याने गाविलगडाला वेढा घातला. दक्षिणेकडील कडा चढण्यास अवघड असल्याने कर्नल स्टीव्हन्सन याच्या तुकडीने डोंगरातून वाट तयार करीत तोफा उत्तरेकडे नेल्या व तेथून तटाला खिंडार पाडले. १५ डिसेंबर १८०३ रोजी बाहेरचा कोट घेतल्यावर कॅप्टन कॅम्पबेलच्या हाताखालील सैनिकांनी शिड्या लावून आतल्या कोटाची भिंत ओलांडली व दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, दुसरे रघूजी भोसले यांनी देवगावचा तह केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला व १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. इ.स. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी निकामी केली. आज दिसणाऱ्या पडझडीस केवळ काळच कारणीभूत नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

नरनाळा

अकोट तालुक्यातील शहानूर गावाच्या वर, सातपुड्याच्या कड्यावर सुमारे ९७० मीटर उंचीवर नरनाळा किल्ला आहे. मुख्य नरनाळा व त्याच्या दोन बाजूंचे जाफराबाद आणि तेलियागड असे त्याचे तीन भाग आहेत. गडावर अनेक तलाव व त्यांना जोडणारी पाण्याची व्यवस्था असून मोठ्या शिबंदीला दीर्घ काळ तग धरता येईल अशी ही योजना होती.

महाकाली दरवाजा ही किल्ल्यावरील सर्वांत देखणी वास्तू होय. फिकट रंगाच्या वालुकाश्मात बांधलेल्या या दरवाजावर कमळाकृती, बाहेर आलेले सज्जे आणि सुंदर अक्षरांतील अरबी-फारसी लेख आहेत. त्यातील हिजरी ८९२ (इ.स. १४८७) या वर्षाच्या लेखात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याचे नाव आहे. राणी महाल, मशीद व ‘नऊगजी’ नावाने ओळखली जाणारी लांब तोफ ही येथील इतर प्रेक्षणीय स्थळे होत. किल्ल्याचा परिसर नरनाळा अभयारण्यात असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. म्हणून येथे प्रवेशासाठी वन विभागाचे नियम लागू असतात.

बाळापूरचा किल्ला व छत्री

मन व म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ बाळापूर वसले असून बाळादेवीच्या मंदिरावरून गावास हे नाव मिळाले. येथील किल्ल्याचे बांधकाम औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने सुरू केले व एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पूर्ण केले. विटांची उंच तटबंदी व एकात एक असलेले दरवाजे ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. पूर आल्यावर किल्ल्याच्या बहुतेक बाजूंना पाणी पसरत असे, त्यामुळे नद्यांचा खंदकासारखा उपयोग होई. ऑगस्ट १७२० मध्ये बाळापूरजवळच निजाम-उल-मुल्क याने आलमअलीखानाचा पराभव केला. दक्षिणेत निजामाचे बस्तान बसविणाऱ्या घटनांत या लढाईची गणना होते.

नदीकाठी काळ्या दगडाची छत्री आहे. ती मिर्झाराजा जयसिंग याने बांधल्याचे सांगितले जाते. सुमारे २५ फूट चौरस व ३३ फूट उंच असलेल्या या वास्तूला नक्षीदार स्तंभ व कमानी आहेत. इ.स. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा हाच सेनापती १६६७ मध्ये बऱ्हाणपूर येथे मरण पावला.

अकोला, अचलपूर व अमरावती येथील नगरवास्तू

अकोला शहरातील असदगड किल्ला मोर्णा नदीच्या काठी आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून त्यास हे नाव पडले. त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ख्वाजा अब्दुल लतीफ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधविला. त्याच्या वेशींवर लेख असून त्यांपैकी अगर वेशीवरील लेख मराठीत आहे.

अचलपूरजवळील हौज कटोरा हा तलावात उभा असलेला अष्टकोनी मनोरा असून तो बहमनी काळातील मानला जातो. शहरात दुल्हा रहमानशहा यांचा दर्गा, नगरतटाचे अवशेष व वेशी आहेत.

अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या अमलात बांधला गेला. कापसाच्या व्यापाराने संपन्न झालेल्या पेठेचे पेंढाऱ्यांपासून रक्षण करणे हा त्याचा हेतू होता. परकोटाला पाच दरवाजे व चार खिडक्या होत्या. आज अंबागेट, जवाहर गेट इत्यादी नावे रोजच्या पत्त्यांत वापरली जातात. परंतु ती एका संरक्षक भिंतीची खूण आहेत, याची जाणीव अनेकांना नसते.

एका दिवसाचे मार्ग

सर्व स्थळे एका दिवसात पाहणे शक्य नाही. भूगोलानुसार पुढील तीन मार्ग सोयीचे ठरतात.

अमरावती–अचलपूर–गाविलगड: सकाळी अचलपूर येथील हौज कटोरा व वेशी पाहून परतवाडामार्गे घाट चढून चिखलदऱ्यास जाता येते. अमरावती ते चिखलदरा हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर आहे. गाविलगड विस्तीर्ण असल्याने त्यासाठी किमान तीन तास राखून ठेवावे लागतात. परतवाड्याहून जवळ असलेले मुक्तागिरी हे जैन सिद्धक्षेत्र मध्य प्रदेशाच्या हद्दीत असून ५२ मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस लागतो.

अकोला–बाळापूर–पातूर–बार्शीटाकळी: हा मार्ग सपाट प्रदेशातील असून वृद्ध व लहान मुलांनाही झेपतो. वाकाटक लेणी, बाराव्या शतकातील मंदिर, सतराव्या शतकातील छत्री व अठराव्या शतकातील किल्ला असा सुमारे १,३०० वर्षांचा पट एकाच दिवसात समोर येतो.

अकोला–अकोट–शहानूर–नरनाळा: वनक्षेत्र असल्याने सकाळी लवकर निघून सूर्यास्तापूर्वी परतणे आवश्यक असते. गडावर पिण्याचे पाणी व खाद्यपदार्थ सोबत न्यावे लागतात.

पावसाळ्यात सातपुडा हिरवागार असतो, मात्र शेवाळलेल्या पायऱ्या व झाडोऱ्यात झाकलेल्या विहिरी धोकादायक ठरतात. उन्हाळ्यात अकोल्याचे तापमान राज्यातील सर्वाधिक तापमानांपैकी असते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक अनुकूल आहे. मूर्तिजापूर–अचलपूर ही १९१३ मध्ये सुरू झालेली ‘शकुंतला’ नॅरोगेज रेल्वे पूर्वी या भागातील प्रवासाचे साधन होती. आता मुख्यतः रस्त्यानेच जावे लागते.

स्थळदर्शकाची भूमिका

यांपैकी बहुतेक स्थळी माहितीफलक त्रोटक आहेत. त्यामुळे गावातील जाणकार, शिक्षक किंवा वन विभागाचे वाटाडे हेच स्थळदर्शक ठरतात. त्यांच्याकडून मिळणाऱ्या माहितीत शिलालेखांवर आधारलेली तथ्ये, दरबारी इतिहासकारांचे कथन आणि लोककथा यांचे मिश्रण असते. तिन्हींचे मूल्य वेगवेगळे आहे. नरनाळ्याच्या दरवाजावरील वर्ष हा समकालीन पुरावा आहे. फतहुल्लाच्या बालपणाची हकिगत नंतरच्या इतिहासकाराने लिहिलेली आहे. गवळी राजांच्या गढीची कथा ही लोकस्मृती आहे. हा फरक स्पष्ट करून सांगणे हे चांगल्या स्थळदर्शनाचे लक्षण मानले जाते. या विषयाच्या अभ्यासासाठी हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची यादी आणि यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ हे ग्रंथ उपयुक्त आहेत.

संरक्षण व कायदे

गाविलगड, नरनाळा, बाळापूरचा किल्ला व छत्री, पातूरची लेणी आणि बार्शीटाकळीचे मंदिर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संरक्षित केलेली स्मारके आहेत. त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू होतो. २०१० च्या सुधारणेनुसार संरक्षित क्षेत्रापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी आवश्यक असते. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना मिळणाऱ्या नाणी, मूर्ती व ताम्रपट यांच्यासाठी १८७८ चा भूमिगत निधीविषयक कायदा आहे. त्यानुसार अशा वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने पुरावस्तूंच्या परवानारहित निर्यातीस बंदी घातली आहे.

कायद्याचे संरक्षण मात्र घोषित स्मारकांपुरतेच मर्यादित आहे. पारावर मांडलेले वीरगळ, पडक्या गढ्या, विहिरींवरील लेख आणि शेतातील पांढरी माती, म्हणजे जुन्या वसाहतींची टेकाडे, यांपैकी बहुतेकांची कोठेही नोंद नाही. पांढरीची माती खत म्हणून किंवा विटांसाठी उचलली जाते, वीरगळांना तेलरंग फासले जातात आणि जीर्णोद्धाराच्या ओघात कोरीव दगडांवर सिमेंट चढते. यांतील बरीच हानी अनास्थेपेक्षा अज्ञानातून, काही वेळा तर श्रद्धेतून होते. चम्मकचा ताम्रपट कोणी वितळवला असता तर चर्मांक व चम्मक हे एकच गाव आहे, हे कधीच कळले नसते. मजकुरासह वस्तू ज्या ठिकाणी मिळाली ते ठिकाणही पुराव्याचा भाग असते. म्हणून सापडलेली वस्तू न हलविता तिचे छायाचित्र घेणे व पुरातत्त्व विभागास किंवा तहसील कार्यालयास कळविणे, ही सामान्य नागरिकाला करता येण्याजोगी सर्वांत उपयुक्त गोष्ट होय.